आंब्यात अळी येते कुठून?

गेल्या मे महिन्यात आजोबांनी आत्याला हापूसची पेटी पाठवली. आंबे वरून सोन्यासारखे, पण कापले तर सात आंब्यांत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या! आजोबांना फार वाईट वाटले. मी विचारले, "आजोबा, साल तर कुठेच फाटलेली नव्हती. मग अळी आत शिरली कशी?" ते म्हणाले, "अरे, ती शिरत नाय, आतच जन्मते!"

ही करामत फळमाशीची. ती घरातल्या माशीएवढीच, पण कंबर बारीक आणि पाठीवर पिवळे पट्टे. आंबा पाडाला आला की मादी सुईसारख्या नळीने सालीखाली अंडी घालते. एक-दोन दिवसांत अंड्यातून अळी निघते व गर खात वाढते. फळ आतून सडते, गळून पडते. मग पोसलेली अळी बाहेर येते, अंगाचे वेटोळे करून टुणकन उडी मारते आणि मातीत शिरते. तिथे तिचा तांदळाच्या दाण्याएवढा तपकिरी कोष होतो. साधारण आठ-दहा दिवसांनी कोषातून माशी निघते, की पुन्हा तेच चक्र!

थंडीत हे चक्र रेंगाळते, उन्हाळ्यात भराभर फिरते. म्हणून पावसाच्या तोंडावरचा आंबा जास्त किडतो. आंबा संपला की माशी पेरूवर जाते.

या माशीपायी युरोपातल्या देशांनी १ मे २०१४ पासून भारताचा आंबा घेणे बंद केले होते. ती बंदी २०१५ मध्ये उठली.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'रक्षक सापळा' काढला आहे. त्यातल्या मिथाइल युजेनॉलच्या वासाला भुलून नर माश्या आत येतात व मरतात. नर कमी झाले की पुढची पिढी घटते.

पण मातीतले कोष सापळ्यात येत नाहीत. आपण मुलं किडका आंबा झाडाखालीच फेकतो. मीपण फेकायचो! म्हणजे अळीला आपणच मातीत पोचवतो. आता आजोबा आणि मी रोज सकाळी पडलेली फळे बादलीत गोळा करतो आणि दोन फूट खोल खड्ड्यात पुरून वर माती दाबतो.

पालकहो, आमच्या एकट्याच्या बागेने भागणार नाही. माशीला कुंपण कुठले? यंदा सगळ्यांनीच खड्डा खणूया ना!