कळलावीचे मूळ

कळलावी ही मृगाच्या पावसानंतर जमिनीतून वर येणारी आणि दिवाळीच्या सुमारास वाळून जाणारी वेल आहे. तिचे शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. बुलढाणा जिल्ह्यात तिच्या जोगे रान दोन बाजूंना आहे. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेत, बुलढाणा आणि खामगाव यांच्या दरम्यान, ज्ञानगंगा अभयारण्याचे पानगळीचे जंगल आहे. उत्तरेला पूर्णा नदीचे काळ्या मातीचे सपाट खोरे ओलांडले की संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत सातपुड्याचा पायथा सुरू होतो; अंबाबरवा अभयारण्य तिथेच आहे. दोन्ही अभयारण्ये १९९७ साली घोषित झाली. साग, सालई, धावडा, अंजन अशा झाडांच्या विरळ सावलीत, निचरा होणाऱ्या मुरमाड जमिनीत आणि काटेरी झुडपांच्या आधाराने ही वेल वाढते. शेताच्या बांधावरच्या कुंपणातही ती चढलेली दिसते.

वेलीला वेगळे ताणे नसतात. देठ नसलेल्या लांबट पानाचे टोकच बारीक होत जाऊन कुरळे वळते आणि शेजारच्या काटकीला विळखा घालते. श्रावण-भाद्रपदात फूल येते. कळी हिरवट असते; उमलताना तिच्या सहा पाकळ्या कडांना चुणीदार होऊन मागे वळतात, खालच्या बाजूला पिवळ्या आणि टोकांना तांबड्या होतात आणि चार-दोन दिवसांत सबंध फूल लालभडक होते. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे आडवे पसरतात. स्त्रीकेसराची दांडी मात्र काटकोनात एका बाजूला मोडल्यासारखी वाकलेली असते. पेटत्या ज्योतीसारखे दिसणारे हे फूल एकदा पाहिले की दुसऱ्या कशाशी त्याची गल्लत होत नाही. संस्कृतातले ‘अग्निशिखा’ हे नाव त्यावरूनच पडले.

औषधाला आणि जादूला लागतो तो मात्र जमिनीखालचा कंद. तो बोटाएवढा जाड, बाहेरून तपकिरी, आतून पांढरा आणि दोन फाट्यांचा असतो. दोन फाटे काटकोनात जोडलेले असल्याने त्याचा आकार लाकडी नांगरासारखा दिसतो, म्हणून आयुर्वेदाच्या ग्रंथांत या वनस्पतीला ‘लांगली’ आणि ‘हलिनी’ म्हटले आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात तिची आणखी नावे येतात. त्यातली दोन लक्षात घेण्यासारखी आहेत. एक ‘विशल्या’, म्हणजे शरीरात अडकलेले शल्य बाहेर काढणारी. दुसरे ‘गर्भनुत्’, म्हणजे गर्भाला बाहेर ढकलणारी. सुश्रुताच्या परंपरेत आडवे आलेले मूल हेही शल्यच मानले जाई. त्यामुळे या दोन नावांचा रोख एकाच प्रसंगाकडे आहे.

मराठी नावाचाही तोच रोख आहे, पण त्याला दोन धारा आहेत. ‘कळ’ म्हणजे वेदना. प्रसूतीच्या वेणांना मराठीत कळाच म्हणतात. ‘कळ’ म्हणजे भांडणाची ठिणगीही. कळ काढणे, कळ लावणे हे प्रयोग घराघरांत चालतात. कळा आणते ती कळलावी, आणि भांडण लावते तीही कळलावी. अडलेल्या बाळंतिणीसाठी जी मुळी शोधत माणसे रानात जात, तीच मुळी घरात ठेवायची नाही, फूल देवाला वाहायचे नाही, वेल अंगणात लावायची नाही, असा दंडक असे. घरात आणली तर नवरा-बायकोत, सासू-सुनेत, भावाभावांत वाद पेटतात अशी समजूत महाराष्ट्रभर होती, अजूनही आहे. जारण-मारण करणारे लोक याच समजुतीचा उलटा वापर करत: ज्याच्या घरात फूट पाडायची त्याच्या उंबऱ्याशी किंवा छपरात मुळीचा तुकडा लपवून ठेवत.

मुळीचा मुख्य वापर बाळंतपणातला. कळा मंदावल्या, बाई अडली, की सुईण कळलावीची मुळी काळ्या दोऱ्यात ओवून बाळंतिणीच्या कमरेला बांधे. कुठे ती मांडीला बांधत, कुठे पाण्यात उगाळून बेंबीवर, ओटीपोटावर आणि तळपायांवर लेप देत. मूल बाहेर आले की त्याच क्षणी दोरा तोडून मुळी दूर टाकायची आणि लेप धुऊन काढायचा. उशीर झाला तर मुलामागोमाग बाळंतिणीची आतडीही ओढली जातील, असे सुईणी सांगत. एकीने मुळी बांधायची आणि दुसरीने दोरा तोडायला हात तयार ठेवायचा, एवढी त्या क्षणाची धास्ती असे.

ही नुसती खेड्यातली समजूत नव्हे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील दहाव्या अध्यायात वार पडत नसेल तर लांगलीच्या मुळाचा कल्क तळहात-तळपायांना लावण्यास सांगितले आहे. त्याच अध्यायात प्रसूती अडली असता हातापायांना मूळ बांधण्याचाही उल्लेख आहे. म्हणजे ग्रंथातला वैद्य आणि झोपडीतली सुईण एकच गोष्ट करत होते. फरक इतकाच की वैद्याची कृती लिहून ठेवली गेली. जगात इतरत्रही असेच घडले. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस सायक्लॅमेनच्या कंदाबद्दल लिहितो की तो अंगाला बांधला तर प्रसूती लवकर होते आणि गर्भवतीने तो ओलांडला तर गर्भ पडतो. अंगावर बांधण्याचा उपाय आणि दोन्हीकडे त्याच्या मुळाशी विषारी कंद, हे साम्य थक्क करणारे आहे.

मुळी खणण्याचा विधी तिच्या वापराइतकाच काटेकोर असे. आदल्या संध्याकाळी वेलीपाशी जाऊन हळद-कुंकू आणि अक्षता वाहायच्या, बुंध्याला कच्चे सूत गुंडाळायचे आणि उद्या अमुक कामासाठी न्यायला येतो असे सांगून तिला आमंत्रण द्यायचे. दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी, वाटेत कोणाशी न बोलता, वेलीवर आपली सावली पडू न देता, लोखंडाचे हत्यार न लावता लाकडी खुंटीने माती उकरायची. रविवारी पुष्य नक्षत्र आले तर तो दिवस सर्वांत चांगला; ग्रहणाची वेळही साधत. चरकसंहितेच्या कल्पस्थानातही औषधी गोळा करणाऱ्याने उपवास करून, शुभ्र वस्त्र नेसून, पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड करावे असे म्हटले आहे. लोखंड वर्ज्य करण्यामागे कारण कोणतेही असो, त्याचा एक फायदा नक्की होता: लाकडाने हळू उकरलेला ठिसूळ कंद मोडत नसे.

हे ज्ञान सांभाळणारी माणसे वेगवेगळी होती. सपाटीवरच्या गावांत सुईण आणि फिरस्ता वैदू. सातपुड्याच्या बाजूला भिलाला, बारेला, निहाल आणि कोरकू वस्त्यांत त्यांचे त्यांचे जाणते. कोरकूंमध्ये भुमका आणि पडियार ही दोन माणसे बाधा ओळखणे, उतारा सांगणे आणि मुळ्या देणे ही कामे करतात. आजार अंगातला की बाहेरचा हा प्रश्न तिथे आधी विचारला जातो. बाहेरचा म्हटला की मुळी पोटात घेण्याऐवजी अंगावर बांधायची. कळलावीच्या बाबतीत या रिवाजाने फार मोठे काम केले, कारण ही मुळी पोटात गेली तर माणूस दगावू शकतो.

‘खड्यानाग’ या दुसऱ्या नावाने हीच वेल सापाशी जोडली गेली. घरात न ठेवण्याच्या दंडकाच्या उलट, घरात मुळी टांगली की साप येत नाही, दंशावर मुळी उगाळून लावली की विष उतरते, विंचवाच्या दंशावरही तीच चालते, असे मानत. याचा आधार नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांच्या दंशावर सर्पविषरोधक लस हाच उपाय आहे. मुळीला यश मिळाल्यासारखे दिसते, कारण बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष आत सोडतोच असे नाही. अशा प्रसंगी माणूस वाचणारच असतो आणि श्रेय मुळीकडे जाते. ज्या दंशात खरोखर विष गेलेले असते, तिथे मुळी उगाळण्यात गेलेला तास जिवावर बेततो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत म्हणूनच साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवला आहे.

आयुर्वेदाच्या औषधशास्त्रात लांगलीचे स्थान उपविषांत आहे. रुई, निवडुंग, कण्हेर, गुंज, अफू आणि धोत्रा यांच्या पंगतीत ती बसते. वापरण्यापूर्वी कंदाचे तुकडे गोमूत्रात दिवसभर भिजवून, धुऊन, वाळवून त्याचे शोधन करतात. मुळव्याधीवरच्या कासीसादि तेलात ती पडते. गंडमाळेवर आणि त्वचेच्या विकारांवर तिचे लेप सांगितले आहेत. खेड्यात पानांचा रस डोक्यातल्या उवांवर लावत. वापराची ही सारी यादी बहुतेक बाहेरून लावण्याचीच आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘ई-१’ अनुसूचीत विषारी द्रव्यांमध्ये लांगलीचे नाव आहे, त्यामुळे ती असलेले पोटात घेण्याचे औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते.

विषाचे नाव कोल्चिसिन. कंदात आणि बियांत ते असते. १८२० मध्ये पेलेतिए आणि कावांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते युरोपातल्या कोल्चिकम या वनस्पतीतून वेगळे केले. कळलावी त्याच वनस्पतीच्या कुळातली. पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे सूक्ष्म तंतू ज्या प्रथिनापासून बनतात, त्याला कोल्चिसिन चिकटते आणि तंतू तयारच होत नाहीत. मग पेशीविभाजन थांबते. शरीरात ज्या पेशी सतत विभागतात, त्या आधी बळी पडतात. काही तासांत तोंडाची-घशाची आग, जोराच्या उलट्या आणि जुलाब सुरू होतात, कारण आतड्याचे अस्तर मोडते. नंतर अस्थिमज्जेचे काम मंदावते. जो वाचतो त्याचे केस एक-दोन आठवड्यांनी पुंजक्यांनी गळतात. श्रीलंकेत रताळे किंवा कोनफळ समजून हा कंद शिजवून खाल्ल्याने झालेल्या विषबाधा वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. त्यावर हमखास उतारा देणारे औषध बाजारात नाही, म्हणून कंद खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी लगेच मोठे रुग्णालय गाठणे हाच मार्ग.

तेच द्रव्य मोजून दिले तर औषध होते. सांधे सुजवणाऱ्या गाऊटवर कोल्चिसिन आजही देतात. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ०.५ मिलिग्रॅमची गोळी हृदयविकाराच्या रुग्णांसाठीही मान्य केली. वनस्पतिशास्त्रज्ञ १९३७ पासून पिकांत गुणसूत्रांचे संच दुप्पट करण्यासाठी ते वापरत आले आहेत. या मागणीमुळे तमिळनाडूत कळलावीची मांडवावर चढवून शेती होते आणि बी परदेशी जाते. तमिळनाडूचे ते राज्यफूल आहे, झिंबाब्वेचे राष्ट्रीय फूल.

कमरेला बांधलेल्या मुळीने प्रसूती लवकर होते का? मुळाच्या अर्काने गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात असे प्राण्यांवरच्या प्रयोगांत आढळले आहे. पण दोऱ्यात ओवलेल्या कोरड्या कंदातून कातडीवाटे तेवढे द्रव्य आत जाते असे कोणी दाखवलेले नाही. बांधलेल्या मुळीने बाळंतिणीला धीर मिळत असणार, आणि बहुतेक प्रसूती वेळ दिला की आपोआप होतात. जिथे मूल खरेच अडलेले असे तिथे मुळी निरुपयोगी ठरे, आणि अशा बाया दगावत. आज अशी वेळ आली की आशाताई १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावतात, आणि तेच योग्य आहे. तरीही सुईणींचे नियम पुन्हा पाहण्यासारखे आहेत: पोटात द्यायची नाही, काम होताच दूर टाकायची, हात धुवायचे, घरात साठवायची नाही, मुलांच्या हाती लागू द्यायची नाही. कोल्चिसिनचे नावही माहीत नसलेल्या बायांनी विषारी कंद हाताळण्याची पुरी शिस्त भांडणाच्या आणि आतड्यांच्या भीतीत बांधून ठेवली होती. ती भीती गेली आणि शिस्तही गेली, तर आठवडी बाजारात जडीबुटी म्हणून मिळणारा सुटा कंद पूर्वीपेक्षा अधिक घातक होतो.

भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाने २००० मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. पण एखाद्या टेकडीवर एखादी वेल टिकते की नाही हे खणणाऱ्याच्या हातावर ठरते. कळलावीचा कंद दर पावसाळ्यात बदलतो: जुना कंद वेलीला पोसून सुकतो आणि त्याच्या जागी नवा दुफाटा तयार होतो. कोंब फुटण्याचा डोळा प्रत्येक फाट्याच्या अगदी टोकाला, एकेकच असतो. टोक मोडले की तो फाटा पुन्हा उगवत नाही. एक फाटा हवा असेल तर वेल वाळल्यावर, कार्तिकानंतर, बाजूची माती हाताने सैल करून तो सांध्यापाशी वेगळा करायचा आणि दुसरा फाटा टोक शाबूत ठेवून, आडवा, वीतभर खोल परत मातीत झाकायचा. पुढच्या मृगात तो त्याच जागी कोंब काढतो.