किडे पडोत मेल्याला!

‘किडे पडून मरशील’ हा आपल्याकडचा जुना तळतळाट. जखमेत खरोखरच किडे पडतात, पण पापामुळे नव्हे, माशीमुळे. तरी या शापाचा धाक एवढा, की म्हाताऱ्या माणसाच्या जखमेत अळ्या वळवळताना दिसल्या तर घरचे लाजेपोटी दवाखान्यात जायचंच टाळतात.

काही माशांच्या अळ्या सडक्या मांसावर जगतात. आपल्याकडच्या क्रायसोमिया बेझियाना या निळ्या-हिरव्या चकचकीत माशीच्या अळ्यांना मात्र जिवंत मांसच लागतं. बैलाचा सोललेला खांदा, वासराची ओली नाळ, मधुमेही पायाची जखम, पीनस झालेलं नाक, तिला काहीही चालतं. जखमेच्या कडेला ती अंड्यांचा पुंजका चिकटवते. दिवसभरात अळ्या निघतात आणि डोकं खाली खुपसून आत शिरतात. श्वास त्या शेपटाकडून घेतात. म्हणून टर्पेंटाइनचा बोळा ठेवला की गुदमरून वर येतात आणि डॉक्टर चिमट्यानं एकेक वेचतात. गोठ्यात हेच काम सीताफळाचा वाटलेला पाला करतो. नाही काढल्या, तर आठवडाभर खाऊन त्या आपोआप गळतात, मातीत कोष करतात. तोवर जखमेचं भगदाड झालेलं असतं.

हिची अमेरिकी बहीण कोक्लिओमिया होमिनिव्होरॅक्स, म्हणजे ‘माणूसखाऊ’. 1858 मध्ये तिचं हे बारसं केलं एका फ्रेंच डॉक्टरनं. फ्रेंच गयानातल्या काळ्या पाण्याच्या कैद्यांना तिनं ग्रासलं होतं. पुढे एडवर्ड निपलिंग या कीटकशास्त्रज्ञानं तिची एक खोड हेरली: मादी जन्मात एकदाच जुगते. मग नर किरणोत्सर्गानं वांझ करून लाखोंनी सोडले तर? 1954 मध्ये कुरासाव बेटावर विमानातून तसे सोडले. अंडी फुकट जाऊ लागली आणि काही महिन्यांत बेटावरची माशी संपली. विष न फवारता! एवढी देखणी युक्ती मला कीटकशास्त्रात दुसरी ठाऊक नाही. याच उपायानं माशीला रेटत रेटत 2006 पर्यंत पनामाच्या पलीकडे ढकललं. पण 2023 मध्ये तिनं ती फळी फोडली आणि 2024 अखेर ती पुन्हा मेक्सिकोत पोचली.

आपल्या घरापुरता उपाय साधा आहे. मधुमेही माणसाचे तळवे, बोटांच्या बेचक्या आणि अंथरुणाला खिळलेल्या आजीची पाठ रोज उजेडात बघा. जखम उघडी ठेवू नका. अळी दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.