ऑकलंडचं वार्तापत्र : बोटीच्या काचेवरचं मीठ

ऑकलंड, ऑक्टोबर

चौलच्या मंडळींनो, नारळी पौर्णिमा होऊन तुमच्याकडच्या होड्या केव्हाच पाण्यात गेल्या असतील. इथं मात्र आता कुठं वसंत लागलाय. ऑक्टोबरचा चौथा सोमवार म्हणजे लेबर डे. त्या जोडसुट्टीच्या आधी ऑकलंडकर हिवाळाभर झाकलेल्या बोटी उघडतात. हार्बर ब्रिजला लागून वेस्टहेवन मरीना आहे. तिथं दोन हजारांच्या आसपास बोटी राहतात, आणि या दिवसांत जो तो बाह्या सारून कामाला लागलेला असतो.

न्यूझीलंडमध्ये हौसेखातर ठेवलेल्या बोटीची सक्तीची नोंदणी नाही आणि ती चालवायला परवानाही लागत नाही. प्रत्येकाला मापाचं लाइफजॅकेट हवं, किनाऱ्यापासून 200 मीटरच्या आत वेग 5 नॉटच्या वर नको, अशी काही बंधनं आहेत. बाकी बोटीची आणि माणसांची जबाबदारी कायद्यानं कप्तानाची. संकटात धावून येणारं कोस्टगार्डसुद्धा सरकारी खातं नव्हे, स्वयंसेवकांची संस्था आहे. नोंदणी तरी हवी, असं माझं मत आहे. पण सरकार तपासायला येणार नाही हे ठाऊक असल्यामुळे इथली जाणती माणसं स्वतःच किती बारकाईनं तपासतात, हे पाहण्यासारखं आहे. त्यांच्या यादीत वायपर बराच वर असतो.

कारण उघड आहे. समुद्राचे तुषार काचेवर वाळले की मिठाचा थर बसतो, आणि मावळतीचं ऊन समोरून आलं की काच पांढरीफट्ट होते. पुढचा कयाक दिसत नाही. समुद्रावरच्या टकरी टाळण्याच्या 1972च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम सांगतो की डोळ्यांनी आणि कानांनी सतत पहारा ठेवा. काच आंधळी असेल तर पहारा कसला?

कोरड्या काचेवर वायपर फिरवणं ही सगळ्यात वाईट सवय. मिठाचे कण रबराखाली सापडतात आणि काच खरवडतात. अ‍ॅक्रिलिकची असेल तर कायमची जाते. म्हणून आधी गोडं पाणी, मग वायपर. थर घट्ट असेल तर पाण्यात थोडं व्हिनेगर. रबराचा दुसरा वैरी म्हणजे ऊन. इथल्या उन्हाळ्यात अतिनील किरणांचा जोर उत्तर गोलार्धातल्या तितक्याच अक्षांशांपेक्षा सुमारे 40 टक्के जास्त असतो. पट्टी कडक होते, चिरते. त्यामुळे शहाणे लोक दर मोसमाआधी ती बदलतात आणि बोट उभी असताना ब्लेड काढून ठेवतात.

दांड्याकडे फारसं कुणी बघत नाही. दांडा अ‍ॅल्युमिनियमचा, स्क्रू स्टेनलेसचा, मध्ये खारं पाणी, की अ‍ॅल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी होते आणि स्क्रू जाम. दोन धातूंमध्ये गंजरोधक पेस्ट लावली की हे टळतं. दांड्याचा स्पिंडल केबिनच्या भिंतीतून आत जातो, तिथलं रबरी सील वाळलं की पाणी थेट मोटरवर. मोटर बंद पडली म्हणून लगेच नवी आणू नये. आधी फ्यूज आणि हिरवी पडलेली तारेची टोकं बघावीत. पाऊस नसला तरी अधूनमधून काच ओली करून वायपर फिरवावा, नाहीतर जोड बसतात. आणि तो अडकला तर बटण चालू ठेवू नये, मोटर तापून जळते.

हे सगळं चौलला कळवायचं कारण असं की मांडव्यापासून काशीदपर्यंत आता स्पीडबोटी वाढल्या आहेत, आणि ट्रॉलरच्या केबिनलाही काच असतेच. 1 जूनच्या मासेमारीबंदीआधी होडी ओढून शाकारून ठेवण्यात आपल्या कोळीवाड्यांना कुणी शिकवायला नको. लाकडाची ती काळजी काचेपर्यंत जावी, एवढंच सांगणं. कुंडलिकेच्या मुखाशी जाळ्यांचे बोये असतात, माणसं असतात, आणि आश्विनातला अवकाळी पाऊस सांगून येत नाही. तेव्हा नाखवा मंडळी, रेवदंड्याच्या खाडीतून बोट काढण्यापूर्वी एक बादली गोडं पाणी काचेवर ओता, रबर बोटानं चाचपून बघा, आणि चिरलेलं असेल तर त्याच दिवशी बदला.