पडद्यावरचे वकीलसाहेब आणि माळशिरसचे कोर्ट

दिवेलागण झाली, जेवणाची ताटे पुढे आली की अकलूज, वेळापूर, नातेपुते, माळशिरस, कुठल्याही घरात टीव्हीवर वकील दिसतो. ‘स्टार प्रवाह’वर ५ डिसेंबर २०२२ला सुरू झालेल्या ‘ठरलं तर मग’चा नायक अर्जुन सुभेदार वकीलच. त्याआधी २०१०मध्ये ‘सोनी’वर ‘अदालत’ आली आणि रोनित रॉयचा के. डी. पाठक घरोघरी पोचला. ज्यांनी कोर्टाची पायरी कधी चढलेली नाही, त्यांची वकिलाबद्दलची कल्पना या मालिकांतूनच तयार होते. म्हणून हे चित्रण खरे किती, हा प्रश्न करमणुकीपुरता राहत नाही.

सोडून देण्याजोग्या चुका

आपल्या न्यायाधीशांच्या टेबलावर हातोडा नसतो. १९६९च्या शपथ कायद्याला गीता किंवा दुसरा कुठलाही ग्रंथ लागत नाही. ईश्वराला स्मरून किंवा प्रतिज्ञेवर साक्ष देता येते. बार कौन्सिलच्या नियमांनुसार झगा सक्तीचा आहे तो उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात. तालुक्याच्या कोर्टात तो ऐच्छिक, आणि उन्हाळ्यात काळ्या कोटालाही सवलत. अशा चुकांनी कुणाचे नुकसान होत नाही.

न सोडण्याजोग्या चुका

मालिकेतला वकील रात्री गोदामात शिरून स्वतः पुरावा शोधतो. प्रत्यक्षात ज्या खटल्यात आपल्यालाच साक्षीदार व्हावे लागेल असे दिसते, तो वकिलाने चालवू नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. मालिकेत ऐनवेळी दार उघडून साक्षीदार येतो. फौजदारी खटल्यात पोलिसांनी दोषारोपपत्रासोबत दिलेल्या कागदांच्या आणि जबाबांच्या नकला आरोपीला आधीच मिळतात. सगळी तयारी त्यावर होते. मालिकेत खुनाचा खटला फिर्यादीचा खासगी वकील लढवतो. सत्र न्यायालयात तो चालवतात सरकारी वकील. खासगी वकील त्यांना साहाय्य करतो.

पिंजऱ्यातच गुन्हा कबूल करणारा साक्षीदार तर फार जुना. अमेरिकेत १९५७मध्ये सुरू झालेल्या ‘पेरी मेसन’ने तो घराघरांत नेला.

तालुक्याची वकिली

नीरा उजव्या कालव्याच्या पाण्याने माळशिरस तालुक्यात ऊस आला, जमिनीला भाव आला आणि एकेका फुटाला किंमत आली. त्यामुळे इथल्या वकिलाचा दिवस वाटप, वहिवाट, बांध, मनाई हुकूम, न वटलेला धनादेश यांत जातो. शेतरस्ता अडवला तर पहिली धाव तहसीलदाराकडे, १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली. दिवाणी दाव्यात सरतपासही २००२पासून प्रतिज्ञापत्रावर होतो. म्हणजे साक्षीचा पहिला अर्धा भाग कागदावरच येतो.

उरते उलटतपासणी. बांध कोरल्याचा दावा आहे असे धरू. प्रतिवादीचे वकील विचारतात, “दावा लावण्याआधी सरकारी मोजणी करून घेतली का?” “नाही.” “मग बांध किती सरकला, हे नेमके सांगता येणार नाही?” वादी घुटमळतो. “डोळ्याला दिसतंय की, साहेब.” न्यायाधीश शांतपणे स्टेनोला मजकूर सांगतात : हे म्हणणे खरे आहे की, दाव्यापूर्वी मी सरकारी मोजणी करून घेतली नाही. कुणी आवाज चढवला नाही, टेबलावर हात आपटला नाही. पण निकाल पुढे या एका ओळीवर फिरू शकतो. ती ओळ काढून घेण्यासाठी वकिलाने सातबारा, फेरफार, जुने नकाशे यांत कित्येक संध्याकाळी घातलेल्या असतात.

हे दाखवले तर प्रेक्षक कंटाळेल, असे म्हणणाऱ्यांनी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ पाहावा. व्हेनिसला २०१४मध्ये गौरवलेला आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा हा चित्रपट. त्यातही न्यायाधीश मजकूर सांगतात, तारखा पडतात. गीतांजली कुलकर्णी यांनी साकारलेल्या सरकारी वकीलबाई लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. तरीही नजर हलत नाही, कारण त्या संथपणात एका शाहिराचे आयुष्य अडकलेले असते.

किंमत कोण मोजतो?

देशात पाच कोटींहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत. ‘आपला वकील काही बोलतच नाही’ म्हणून पक्षकार वकील बदलतो, नवे वकीलपत्र दाखल होते, नवा वकील प्रकरण वाचायला मुदत मागतो आणि तारीख आणखी पुढे जाते. गाजावाजा करणारा वकील हुशार आणि कागद वाचणारा मवाळ, हा समज पक्षकाराला महागात पडतो.

मालिकांची पोच फार मोठी आहे, म्हणून अपेक्षाही मोठी. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी तालुका पातळीवर विधी सेवा समिती असते. घरातून हाकललेली नायिका एखाद्या भागात या समितीकडे अर्ज करताना दाखवली, तर कथेचे काही बिघडणार नाही. पण ती मालिका पाहणाऱ्या एखाद्या सुनेला उद्या कुठे जायचे, ते मात्र कळेल.