शाळेचा पूर्वेतिहास, मुलाची श्रेणी

13 ऑगस्ट 2020 रोजी इंग्लंडमधल्या मुलांच्या हाती ए-लेव्हलचे, म्हणजे शालेय शिक्षणाच्या शेवटच्या परीक्षेचे, निकाल पडले, पण परीक्षेला त्यांच्यापैकी कुणीच बसले नव्हते. कोविडमुळे मार्चमध्येच परीक्षा रद्द झाल्या होत्या. तरी निकाल लावणे भाग होते, कारण तिथले विद्यापीठ प्रवेश याच श्रेणींवर ठरतात. विद्यार्थी कित्येक महिने आधी यूकास या केंद्रीय प्रवेश संस्थेमार्फत जास्तीत जास्त पाच अर्ज करतो. विद्यापीठ जागा देऊ करते ती अटीवर: अमुक विषयांत ए, ए, बी मिळवून दाखव. एक श्रेणी हुकली, तरी जागा हातची जाऊ शकते.

परीक्षा नियामक ऑफक्वालने शिक्षकांकडून दोन गोष्टी मागवल्या. प्रत्येक मुलाला कोणती श्रेणी मिळाली असती याचा अंदाज, आणि विषयवार मुलांचा पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत क्रम. दोघांना एकच क्रमांक द्यायची मुभा नव्हती. मग संगणकीय सूत्राने त्या शाळेचे आधीच्या तीन वर्षांचे निकाल घेतले, यंदाच्या तुकडीच्या जीसीएसईच्या, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या परीक्षेच्या, कामगिरीनुसार ते थोडे वरखाली केले आणि त्या चौकटीत क्रमाने मुले बसवली.

समजा, एखाद्या साध्या वस्तीतल्या शाळेत तीन वर्षे गणितात कुणालाच ए-स्टार ही सर्वोच्च श्रेणी मिळालेली नाही. यंदा तिथे एक असामान्य मुलगी आहे. शिक्षक तिला पहिला क्रमांक देतात, पण तिच्यासाठी वरची श्रेणी चौकटीत जवळपास उरलेलीच नसते. याच शाळेत पूर्वी कुणी नापास होत असेल, तर यंदाच्या शेवटच्या मुलावरही नापासाचा शिक्का बसू शकतो, मग त्याने कितीही अभ्यास केलेला असो.

एखाद्या विषयाला पाच किंवा त्याहून कमी मुले असली, तर हे सूत्र लागूच होत नव्हते. शिक्षकांचा अंदाज कायम राहायचा. असे छोटे वर्ग खासगी शाळांत जास्त. त्या शाळांत ए आणि त्यावरच्या श्रेणींचे प्रमाण आदल्या वर्षापेक्षा 4.7 टक्के गुणांनी वाढले, सरकारी सिक्स्थ फॉर्म कॉलेजांत, म्हणजे फक्त ए-लेव्हलच्या वयाच्या मुलांच्या संस्थांत, जेमतेम 0.3ने. एकूण 39.1 टक्के अंदाज खाली ओढले गेले.

श्रेणी फुगण्याची नियामकाची चिंता खोटी नव्हती. शिक्षकांचे अंदाज जसेच्या तसे धरले, तर ए आणि ए-स्टारचे प्रमाण 25 टक्क्यांवरून सुमारे 38वर जाणार होते. पण देशाची सरासरी सांभाळण्यासाठी एका मुलीला आधीच्या मुलांच्या निकालाने मोजायचे, हा मला सरळ अन्याय वाटतो. मुले लंडनच्या रस्त्यावर उतरली आणि 17 ऑगस्टला सरकारने शिक्षकांचे अंदाज मान्य करत माघार घेतली. स्कॉटलंडने ती आठवडाभर आधीच घेतली होती. तोवर अनेक जागा दुसऱ्यांना गेल्या होत्या. वैद्यकीय जागांची मर्यादा सरकारला उठवावी लागली.

पुढच्याच वर्षी हा पेच आपल्या दारात आला. महाराष्ट्र मंडळाने 2021 मध्ये बारावीसाठी दहावीचे 30, अकरावीचे 30 आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे 40 टक्के धरले. निदान मोजमाप त्याच मुलाच्या गुणांचे होते. निकाल मात्र 99.63 टक्के लागला आणि वरच्या जागांसाठी निवड कशी करायची, हा प्रश्न तसाच राहिला. सीबीएसईने तर गुणांना लगाम म्हणून शाळेच्या आधीच्या तीन वर्षांतली सर्वोत्तम कामगिरीच संदर्भाला घेतली.

इंग्लंडने 2021 मध्ये सारे शिक्षकांवर सोपवले. खासगी शाळांत सुमारे 70 टक्के श्रेणी ए किंवा ए-स्टार होत्या, सर्वसाधारण सरकारी शाळांत सुमारे 39. मग 2023 मध्ये मोजपट्टी पुन्हा कोविडआधीच्या 2019च्या पातळीवर आणली गेली. त्या वर्षी ए-लेव्हलला बसलेल्यांची जीसीएसई परीक्षाही 2021 मध्ये रद्द झालेली होती. आयुष्यातली पहिली मोठी सार्वजनिक परीक्षा आणि विद्यापीठाची अट, दोन्ही त्यांच्यापुढे एकदमच उभ्या राहिल्या.