न मोजलेली वीज

धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यात सीना नदीच्या काठाने उसाच्या फडांमधून जाताना दर अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर एक डीपी दिसते. कागदावर तिचं नाव 'वितरण रोहित्र', पण गावात कुणी तसं म्हणत नाही. दोन खांब, मधे आडवे लोखंडी चॅनल, त्यावर तेलाने भरलेला राखाडी डबा आणि खाली फ्यूजची पेटी. वर 11 हजार व्होल्टची लाईन येते, खाली मोटारींसाठी 433 व्होल्ट उतरतात. डब्याच्या बाजूला एक छोटी काचेची कुपी असते. तिच्यातले सिलिका जेलचे खडे कोरडे असले की निळे राहतात आणि ओल धरली की गुलाबी होतात. खडे गुलाबी होऊन महिने उलटले तर आतल्या तेलात पाणी शिरत असतं, आणि ती डीपी जळायची आहे हे जाणत्या वायरमनला लांबूनच कळतं.

फ्यूजची पेटी उघडून पाहावी. तिथे चिनीमातीचे किटकॅट, म्हणजे फ्यूजची तार धरणारे ठोकळे, असायला हवेत आणि त्यात ठरलेल्या जाडीची बारीक तार. बहुतेक ठिकाणी किटकॅट गेलेले असतात, आणि त्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या चार-पाच पदरी तारा पिळून बसवलेल्या दिसतात. बारीक तार जास्त भार आला की वितळून वरच्या यंत्राला वाचवते. जाड तार वितळत नाही, म्हणून यंत्रच जळतं. 100 केव्हीएची डीपी पाच हॉर्सपॉवरच्या 18 ते 20 मोटारी नीट ओढते. तिच्यावर 30 मोटारी आल्या, त्यातल्या काही आकडा टाकून चोरून जोडलेल्या असल्या, तर व्होल्टेज साडेतीनशेच्या खाली येतं. कमी व्होल्टेजवर मोटार जास्त करंट घेते, तेल तापतं आणि वाइंडिंगचं आवरण जळतं. त्यात प्रत्येक मोटारीला ऑटो स्विच. लाईन रात्री येणार आणि कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून शेतकरी ऑटो लावून ठेवतो. लाईट आली की सगळ्या मोटारी एका क्षणात उठतात. चालू होताना मोटार तिच्या नेहमीच्या करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते, आणि तो सगळा धक्का एका डब्यावर बसतो.

डीपी जळाली की तांत्रिक गोष्ट संपते आणि दुसरीच सुरू होते. ग्रामीण भागात नादुरुस्त रोहित्र 48 तासांत बदलावं, असं वीज नियामक आयोगाचं मानक आहे. प्रत्यक्षात ऊस वाळायला लागलेला असतो, म्हणून शेतकरी वर्गणी काढतात, टेम्पो करतात, आणि कुणीतरी म्हणतं, 'आधी एक फोन लावून बघा.' फोन सरपंचाला, तिथून तालुक्याच्या कार्यकर्त्याला, तिथून आमदार-खासदारांच्या कार्यालयाला. ज्याचा फोन वरपर्यंत पोचतो त्याची डीपी आधी येते. ज्याचा पोचत नाही तो थांबतो. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्यात हा क्रम शेतकऱ्याला पाठ आहे. नवीन डीपी, वाढीव क्षमतेची डीपी, जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून होणारी कामं, उपकेंद्राची जागा, अभियंत्याची बदली, या सगळ्याला एक पत्र लागतं. यातल्या माणसांना मी दोष देत नाही. ऊस वाळत असताना फोन करणारा शेतकरी बरोबरच असतो, आणि तो उचलणारा लोकप्रतिनिधीही आपलं काम करतो असंच त्याला वाटतं. पण 48 तासांचा हक्क असा हळूहळू उपकार होऊन बसतो, आणि उपकाराची परतफेड मतपेटीत होते.

वीज पुरवणारी संस्था मुळात अशी व्हावी, ही कल्पना नव्हती. 1948 च्या वीजपुरवठा कायद्याने राज्यांमध्ये स्वायत्त मंडळं आणली आणि महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ 20 जून 1960 ला उभं राहिलं. परंड्यात वयस्कर माणसं अजून 'बोर्ड' म्हणतात ते याच मंडळाला. कायद्यात एक कलम होतं : धोरणाच्या बाबतीत मंडळाने राज्य सरकारच्या निर्देशांनुसार चालावं. धोरण कुठे संपतं आणि रोजचा कारभार कुठे सुरू होतो याची रेषा कुणी आखली नाही, आणि या न आखलेल्या रेषेतून मंत्रालय आत आलं. तरीही मंडळाने केलेलं काम मोठं आहे. निजामी राजवटीतून आलेल्या या कोरडवाहू, अवर्षणप्रवण पट्ट्यात गावोगाव खांब नेले, विहिरींवरच्या मोटा बंद पडल्या, मोटारी आल्या. त्या अभियंत्यांचं आणि लाईनमनचं ऋण मानल्याशिवाय पुढचं लिहिणं बरोबर होणार नाही.

गाडी घसरली ती मीटरवर. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात शेतीपंपांना हॉर्सपॉवरवर ठोक दर आला. मोटार किती चालली हे बघायचं नाही, ती किती हॉर्सपॉवरची आहे एवढंच बघायचं. शेतकऱ्याला सोपं, मंडळालाही सोपं, कारण रीडिंग घ्यायला रानोमाळ फिरायला नको. पण त्या दिवसापासून शेतीला नेमकी किती वीज जाते हे कुणालाच माहीत राहिलं नाही. आणि ज्याचं माप नाही त्याच्या नावावर काहीही टाकता येतं. चोरी, जुन्या तारांमधली गळती, न झालेली वसुली, सगळं शेतीच्या खात्यात. ऑगस्ट 1999 मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी त्याच्यापुढे मंडळाच्या दराची पहिली सुनावणी झाली. वर्षानुवर्षे 15 ते 18 टक्क्यांच्या आसपास दाखवली जाणारी गळती तेव्हा 30 टक्क्यांच्या वर निघाली. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेने हे आकडे सुट्टे करून दाखवले. शेतीपंपांचा वीजवापर आणि बिलं फुगवलेली आहेत, हे वीजग्राहक चळवळीचे प्रताप होगाडे वर्षानुवर्षे मांडत आले. पुढे सरकारने आयआयटी मुंबईकडून अभ्यास करून घेतला, तेव्हाही मोटारी चालण्याचे तास वीज कंपनीच्या हिशेबापेक्षा बरेच कमी आढळले.

राजकीय हस्तक्षेप म्हटलं की आपल्याला एन्रॉन आठवतं, आणि ते साहजिक आहे. डिसेंबर 1993 मध्ये मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी वीजखरेदीचा करार केला, 1995 मध्ये सत्ता बदलल्यावर तो रद्द झाला, 1996 च्या सुरुवातीला मोठ्या रूपात परत आला आणि 2001 मध्ये मंडळाने त्यातून अंग काढून घेतलं. त्या शेवटच्या वर्षांत राज्याचे ऊर्जामंत्री होते धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे डॉ. पद्मसिंह पाटील, म्हणजे या जिल्ह्याच्या माणसाकडेच राज्याच्या विजेची धुरा होती. पण माझ्या मते, मंडळाचं जास्त खोल नुकसान एन्रॉनने केलं नाही. ते मीटर नसलेल्या मोटारीने केलं. एन्रॉनचा करार कागदावर होता, त्यावर खटले चालले, माधव गोडबोले समितीने अहवाल दिला, लोकांनी प्रश्न विचारले. न मोजलेल्या युनिटला प्रश्न विचारायला जागाच नसते.

मग 2004. मे महिन्यात आंध्रात वाय. एस. राजशेखर रेड्डींनी मुख्यमंत्री झाल्या झाल्या शेतीच्या मोफत विजेवर सही केली, आणि महाराष्ट्रात विधानसभेच्या निवडणुका तोंडावर होत्या. शिवसेनेने मोफत विजेचं वचन दिलं होतं. मुख्यमंत्री सुशीलकुमार शिंदे, शेजारच्या सोलापूरचे. त्यांच्या सरकारने निवडणुकीआधीच शेतीपंपांची वीज मोफत केली आणि शून्य रकमेची बिलं गावात आली. ऑक्टोबरमध्ये काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी परत निवडून आली, विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले, आणि 2005 मध्ये ती सवलत बंद करावी लागली. त्याच वर्षी 6 जूनला मंडळाचं विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि त्यांच्यावर सूत्रधारी कंपनी अशा चार कंपन्या झाल्या. परंड्याच्या शेतकऱ्याने यातून एकच गोष्ट शिकून घेतली : निवडणूक आली की बिल भरू नये. त्याला आळशी किंवा फुकट्या म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की त्याला हे शहाणपण राज्यकर्त्यांनी शिकवलं आहे. ज्याने इमानाने भरलं त्याला माफीत काही मिळालं नाही. ज्याने थांबवलं त्याला 2014 च्या कृषी संजीवनी योजनेत सूट मिळाली, आणि 2020 च्या कृषीपंप धोरणात पुन्हा मिळाली.

2020 च्या अखेरीस ते धोरण आलं तेव्हा शेतीपंपांची थकबाकी 45 हजार कोटींच्या आसपास गेली होती. पुढची दीड वर्षं लाईनमनच्या जागी उभं राहून पाहावीत. वसुलीचं लक्ष्य वरून येतं : थकबाकीदाराची लाईन तोडा. तो तोडायला जातो, गावात शिव्या खातो, कधी मारही खातो. 2 मार्च 2021 ला तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार विधानसभेत जाहीर करतात की चर्चा होईपर्यंत तोडणी थांबवली. 10 मार्चला, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, ऊर्जामंत्री नितीन राऊत ती स्थगिती उठवतात. पुन्हा तोडा. 15 मार्च 2022 ला तेच राऊत सभागृहात सांगतात, तीन महिने तोडू नका, तोडलेली जोडा. सरकार बदलतं, आणि त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये देवेंद्र फडणवीस सांगतात की थकबाकीसाठी तोडू नका, चालू बिल तेवढं घ्या. विरोधी बाकांवरचे पक्ष बदलतात, पण प्रत्येक वेळी विरोधातला पक्ष तोडणीच्या विरोधात उभा असतो. नोटीस, पंधरा दिवसांची मुदत, तोडणी, जोडणी हा कायद्याने कंपनीचा रोजचा कारभार आहे. तो सभागृहातल्या घोषणेने चालू-बंद होतो. ज्या लाईनमनने परवा वायर उतरवली त्यानेच उद्या ती चढवायची, आणि त्याच गावात रात्री फॉल्ट काढायला एकट्याने जायचं.

सहकारात याहून वेगळं घडलं असतं असं कुणाला वाटत असेल, तर शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात पाहावं. श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने चार दशकं आपल्या भागात वीज वाटली. मंडळाकडून घाऊक घ्यायची आणि शेतकऱ्यांना द्यायची. नेते स्थानिक होते, सभासद स्थानिक होते, आणि मंडळाची थकबाकी दोन हजार कोटींच्या पुढे गेली. जानेवारी 2011 च्या अखेरीस परवाना संपला आणि महावितरणने तिचं क्षेत्र ताब्यात घेतलं.

आता पुन्हा वीज मोफत आहे. 25 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल 2024 ते मार्च 2029 अशी पाच वर्षं बिल नाही. राज्यातल्या 44 लाख शेतकऱ्यांना लाभ, सरकारवर वर्षाला 14,760 कोटींचा भार. परंड्यासारख्या तालुक्यात, जिथे पावसाने दगा दिला की चांदणी आणि खासापुरीचे तलावही उघडे पडतात, तिथे या सवलतीला मी विरोध करणार नाही. शेतमालाचे भाव सरकार पाडत असेल तर विजेचं बिल तरी सरकारने भरावं, ही मागणी न्याय्य आहे. 2003 च्या वीज कायद्याचं कलम 65 सरकारला सवलत देऊ देतं, फक्त ती रक्कम आगाऊ कंपनीला द्यावी लागते. म्हणजे मोफत वीज हा हस्तक्षेप ठरत नाही. हस्तक्षेप तिथे आहे जिथे किती वीज दिली याचं माप नसताना तिचे पैसे मागितले आणि दिले जातात. लाखो मोटारींना आजही मीटर नाही, आणि ज्यांना आहे त्यातल्या कितींचं रीडिंग खरोखर रानात जाऊन घेतलं जातं हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे.

बिल शून्य झाल्यावर शेतकऱ्याच्या हातून तक्रारीचं शेवटचं हत्यारही गेलं, हे मला जास्त बोचतं. पैसे भरणारा ग्राहक व्होल्टेज मागू शकतो. फुकट घेणाऱ्याला 'मिळतंय ते घ्या' असं सांगता येतं. म्हणून आठवड्यातले काही दिवस अजून रात्री उसात दारं धरावी लागतात, पायाखाली साप आहे की काय ते बॅटरीने पाहत, बिबट्याच्या धास्तीत. पश्चिम बंगालने 2007 नंतर शेतीच्या मोटारींना मीटर बसवले, वेळेनुसार दर मोजणारे. तिथेही राजकारण आपल्याइतकंच कडवं आहे, तरी मीटर टिकले. मोजायचं ठरवलं तर मोजता येतं.

सप्टेंबर 2025 च्या अखेरीस सीनेला पूर आला, परंडा तालुक्यातली गावं पाण्यात गेली आणि माणसांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. अशा पुरात खांब आडवे होतात, डीपी गाळात जाते, आणि पाणी उतरल्यावर चिखलात तारा ओढायला महावितरणचाच माणूस उतरतो. त्याच्याकडे व्होल्टेज तपासायचं यंत्र, हातात मोजे, मागे पुरेसे साथीदार असावेत, यासाठी फोन करणारे पुढारी मला हवे आहेत. आज त्याच्या सोबतीला अनेकदा गावातला एखादा 'झिरो वायरमन' असतो : कुठल्याच हजेरीपटावर नाव नसलेला, खांबावर चढणारा पोरगा.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीतून शेतीचे फीडर दिवसा चालवायचं काम सुरू आहे. ते पूर्ण झालं तर रात्रीची दारं सुटतील, आणि ते लवकर व्हावं. पण सूर्याची वीजही त्याच डीपीतून उतरणार आहे, त्याच पिळलेल्या तारांवरून. मोफत विजेच्या शासन निर्णयात तीन वर्षांनी आढावा घेण्याची तरतूद आहे, म्हणजे तो 2027 मध्ये यायला हवा. योजना संपते मार्च 2029 मध्ये, आणि त्याच वर्षी लोकसभा व विधानसभा दोन्हींच्या निवडणुका आहेत. तेव्हा कुणी काही ऐकणार नाही. 2027 मध्ये परंड्याच्या, भूमच्या, वाशीच्या शेतकऱ्याने मागावं ते एवढंच : प्रत्येक डीपीवर एक मीटर, त्याचं महिन्याचं रीडिंग ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, आणि त्या डीपीच्या नावाने सरकारने कंपनीला किती रुपये दिले तो आकडा त्याच्या शेजारी.