विजेची गाडी आणि तवंदीचा घाट
कोल्हापुराहून बेळगावकडे निघालेला प्रवासी कोगनोळीच्या नाक्यापाशी राज्याची हद्द ओलांडून, निपाणी मागे टाकून तवंदीच्या घाटाला लागतो, आणि गाडी विजेवर चालणारी असेल तर नेमकी येथेच त्याची नजर बॅटरीच्या आकड्यावर खिळते. ही चिंता काहीशी अतिरंजित आहे. कारण दीड टनाची गाडी १०० मीटर उंच चढविण्यास, इतर व्यय वगळता, जेमतेम ०.४ युनिट वीज लागते, आणि उतारावर तीच मोटर जनित्र होऊन त्यातील काही अंश बॅटरीस परत करते.

खरा प्रश्न वेळेचा. घरची वीज प्रत्यावर्ती, तर बॅटरी एकदिश प्रवाहच साठविते. हे रूपांतर गाडीतील लहान यंत्रावर सोपविले तर ३.३ किलोवॅटच्या गतीने ३० युनिटांची बॅटरी भरण्यास नऊ-दहा तास, म्हणजे चक्क एक मुक्काम लागतो. जलद चार्जिंग केंद्रात ते काम बाहेरचे मोठे यंत्र करीत असल्यामुळे तासाभरात निभावते. मात्र ८० टक्क्यांच्या सुमारास बॅटरीच्या रक्षणार्थ प्रवाह आखडता घेतला जातो, तेव्हा पुढे ताटकळणे व्यर्थ.

कर्नाटकाने २०१७ साली विद्युत-वाहन धोरण जाहीर केले. असे केंद्र चालविण्यास परवाना नको, हा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ साली केला, आणि महामार्गाच्या दोन्ही अंगांस दर २५ किलोमीटरांवर एक केंद्र असावे, अशी अपेक्षाही त्याच वर्षी नोंदविली. हद्दीअलीकडे वीज महावितरणाची, पलीकडे हुबळीच्या हेस्कॉमची. बॅटरीला, सुदैवाने, हा सीमावाद ठाऊक नाही.